बाळंतिणीच्या दारावर आधी कोण जाणार

एप्रिल २०२५ मध्ये केरळात मलप्पुरम जिल्ह्यात एक पस्तीस वर्षांची बाई पाचव्या बाळंतपणात घरीच दगावली. बाळ जगलं. तिचं रक्त जात राहिलं, दवाखान्यात कुणी नेलं नाही, आणि नंतर पोलिसांनी नवऱ्याला सदोष मनुष्यवधाच्या कलमाखाली अटक केली. त्याआधी २०१८ साली तामिळनाडूत तिरुपूरला यूट्यूबचे व्हिडिओ बघून घरी बाळंतपण करायला गेले आणि एक तरुण शिक्षिका तशीच रक्त जाऊन गेली, तिथेही बाळ जगलं, तिथेही नवऱ्याला अटक. अशी बातमी आली की आपल्याकडे लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो घरी बाळंतपण करणाऱ्या सगळ्यांना आत टाका, मूल काढून घ्या, लायकी नाही यांची. दुसरा म्हणतो आमच्या आज्या-पणज्या घरीच बाळंत झाल्या, मूल आमचं, निर्णय आमचा, सरकारचा काय संबंध. मला दोन्ही ऐकून खरंच त्रास होतो, कारण दोघंही बाळंतिणीबद्दल बोलतायत असं वाटतं आणि दोघांच्याही बोलण्यात ती कुठेच नसते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. घरी बाळंत होणं हा गुन्हा नाही आणि तो कायद्यानं गुन्हा करूही नये. रक्त जाणाऱ्या बाईला किंवा निळ्या पडलेल्या बाळाला मदतीपासून अडवून ठेवणं हा मात्र गुन्हा आहे, मग ते घरात घडो नाहीतर दवाखान्यात. आणि सरकारला मुलाच्या काळजीपोटी कुणाच्या घरात शिरायचं असेल तर आधी नर्सनं जावं, पोलिसांनी सगळ्यात शेवटी, आणि आईच्या कुशीतून मूल उचलायचंच असेल तर आत्ता, या क्षणी त्याच्या जिवाला काय धोका आहे ते दाखवता आलं पाहिजे. आईबाप विचित्र आहेत, हट्टी आहेत, डॉक्टरांशी उलट बोलतात, एवढ्यावर मूल उचलता येत नाही.

आता "आज्या-पणज्या" वाल्यांचं घेऊ, कारण ते मला जास्त जवळचे आहेत आणि म्हणूनच त्यांच्यावर जास्त राग येतो. माझी आजी अकोले तालुक्यातली. आठ बाळंतपणं, सगळी घरी, सुईणीच्या हातची. पाच मुलं जगली. आजी ती पाच मोजायची नाही, आठच मोजायची, नावं ठेवली नव्हती त्यांनाही धरून. तिची धाकटी जाऊ वार पडली नाही म्हणून गेली, बैलगाडी जुंपेपर्यंत सगळं संपलं होतं. म्हणजे ज्या आज्यांचा दाखला देताय ना, त्यातल्या जगल्या त्यांच्याच नातवंडांना आज दाखला देता येतो, ज्या गेल्या त्यांच्या वतीनं बोलायला कोण आहे? आनंदीबाई जोशींचं उदाहरण आपण शाळेत शिकतो, पहिली महिला डॉक्टर वगैरे, पण त्या डॉक्टर व्हायला निघाल्या त्याच्या मागे चौदाव्या वर्षीचं बाळंतपण आणि दहाएक दिवसांत गेलेलं बाळ होतं हे आपण फार पटकन ओलांडून जातो. पाचव्या नाहीतर सहाव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते असं आपल्याकडे मानतात, पाटा मांडतात, दिवा तेवत ठेवतात, रात्र जागवतात. ही रात्र जागवायची का वाटली असेल बायकांना? पहिला आठवडा बाळाच्या जिवावरचा असतो हे त्यांना न शिकता माहीत होतं. परंपरेचं नाव घेऊन बेफिकीर राहणाऱ्यांनी ती जागरणाची परंपरा विसरायची म्हणजे काय?

आकडेही सरळ आहेत. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली तेव्हाच्या कौटुंबिक आरोग्य पाहणीत देशात दवाखान्यात होणारी बाळंतपणं ३८.७ टक्के होती, २०१९-२१ च्या पाहणीत ती ८८.६ टक्के झाली, महाराष्ट्रात ९५ च्या जवळ. लाख जिवंत जन्मांमागे मरणाऱ्या आयांची संख्या २००४-०६ मध्ये २५४ होती ती २०१८-२० मध्ये ९७ वर आली, महाराष्ट्रात ३३, केरळात १९. सगळं श्रेय एकट्या दवाखान्याच्या खाटेचं नाही, मुलींची लग्नं उशिरा व्हायला लागली, मुलं कमी झाली, रस्ते आले, १०२ आणि १०८ च्या गाड्या आल्या. पण बाळंतपणानंतरचा रक्तस्राव दोन तासांत बाई संपवू शकतो, आणि कोणाला होणार ते आधी ठामपणे सांगता येत नाही, चार बाळंतपणं सुखरूप झालेलीलाही पाचव्याला होतो. मलप्पुरमला तेच झालं.

पण या लोकांच्या मनात दवाखान्याबद्दल जी भीती आहे ती हवेतून आलेली नाही आणि पहिल्या गटानं हे मान्य केल्याशिवाय पुढे बोलूच नये. त्याच २०१९-२१ च्या पाहणीत खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरनं झाली, सरकारीत १४.३ टक्के. खासगीत जाणाऱ्यांत पैसेवाल्या, शहरातल्या, वय जास्त असलेल्या बायका जास्त असतील, कठीण केसही असतील, तरी सगळं धरूनही हा फरक फक्त बायकांच्या शरीरातला आहे असं कोण म्हणेल? माझ्या पहिल्या वेळी मी एका दवाखान्यात कळा देत होते तेव्हा एक सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाली, "तेव्हा नाही ओरडलीस, आता कशाला ओरडतेस." ज्या बायकांनी हे ऐकलंय त्यांना कळेल मी काय म्हणतेय. न विचारता टाके, न विचारता कळांचं इंजेक्शन, सोबत कुणाला आत येऊ न देणं, गावाकडच्या बाईला "अगं ए" करून बोलणं. सरकारनं २०१७ मध्ये लक्ष्य नावाचा कार्यक्रम सुरू केला, त्यात बाळंतिणीला सन्मानानं वागवणं हे उद्दिष्ट म्हणून घालावं लागलं, यातच सगळं आलं. ही वागणूक मिळालेली बाई दुसऱ्या वेळी घरीच राहते म्हणाली तर ती अडाणी नाही. ती घाबरलेली आहे, आणि घाबरलेल्या माणसाला अटकेची धमकी दिली तर तो अजून आत लपतो.

"मूल आमचं" यावर मात्र मला थांबायचंय. मूल तुमचं म्हणजे काय? शेत तुमचं, गाडी तुमची, तसं? मुलाला स्वतःचा जीव आहे, त्याचा हक्क आईबापांच्या श्रद्धेच्या वर आहे, आणि तो बोलू शकत नाही म्हणून त्याच्या वतीनं कुणीतरी बोललं पाहिजे, इथपर्यंत मी बालसंरक्षणवाल्यांबरोबर पूर्ण आहे. आपल्या बाल न्याय कायद्याच्या ७५ व्या कलमात मुलाची हेळसांड करणाऱ्याला शिक्षा आहे, ती असायलाच हवी. आणि अजून एक गोष्ट, जी या वादात कुणीच उचलत नाही. "आमचा निर्णय" मधलं "आम्ही" म्हणजे नेमकं कोण? पाचव्यांदा गरोदर असलेल्या, रक्त जात असलेल्या बाईला त्या घटकेला कुणी विचारलं होतं का, की बाई गं, गाडी बोलवू का? किती घरांत पालकांचा हक्क म्हणजे नवऱ्याचा हक्क असतो, सासूचा असतो, कुठल्या बाबाबुवाचा असतो? घरी बाळंतपण हा बाईचा निर्णय असेल तर तो कुठल्याही मिनिटाला बदलायचा हक्कही तिचाच असला पाहिजे. कळा सुरू झाल्यावर "मला न्या" म्हणाली आणि नेलं नाही तर तिथे घरगुती श्रद्धेचा विषय संपला, ते डांबून ठेवणं आहे.

मग पहिला गट विचारतो, एवढं सगळं मान्य आहे तर धाडकन कारवाई का नको? कारण जिथे जिथे अशी कारवाई झाली तिथे काय झालं ते बघा. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेत टेक्सासला डॅलसजवळ एका कृष्णवर्णीय जोडप्याला घरी, लायसन्स असलेल्या मिडवाइफच्या, म्हणजे शिकलेल्या सुईणीच्या हातून मुलगी झाली. तिला कावीळ झाली, बिलिरुबिन, म्हणजे रक्तातली कावीळ मोजायचा आकडा, २१ च्या वर गेला. बालरोगतज्ज्ञ म्हणाले दवाखान्यात ॲडमिट करा, आईबाप म्हणाले आम्ही मिडवाइफच्या देखरेखीखाली घरीच लाइट लावून उपचार करतो. डॉक्टरांनी बालसंरक्षण खात्याला कळवलं, आणि आठवड्याचं बाळ पोलिसांसह येऊन उचलून नेलं. खात्यानं कोर्टात दिलेल्या प्रतिज्ञापत्रात आई म्हणून भलत्याच बाईचं नाव होतं, जिच्यावर पूर्वीच्या नोंदी होत्या. तीन आठवड्यांहून जास्त दिवस ते बाळ आईपासून लांब राहिलं, एप्रिलमध्ये परत आलं. आता नीट बघा, डॉक्टरांची काळजी खोटी होती का? नाही. तेवढी कावीळ वाढली तर मेंदूला इजा होऊ शकते, बाळ बहिरं होऊ शकतं, हे खरंच आहे, मी त्या डॉक्टरांच्या जागी असते तर मीही झोपले नसते. पण गरज होती निळ्या लाइटची आणि दर काही तासांनी रक्त तपासण्याची. त्यासाठी नर्स घरी पाठवता आली असती, कोर्टाकडून फक्त उपचारांपुरता आदेश घेता आला असता, आईला बाळासोबत वॉर्डात ठेवता आलं असतं. बाळाला द्यायचा होता उपचार आणि त्याच्याकडून काढून घेतली आई, अंगावर पिणाऱ्या बाळाकडून.

झेक प्रजासत्ताकात २००७ साली तर आई दवाखान्यातच बाळंत झाली होती, फक्त त्याच दिवशी बाळ घेऊन घरी निघून गेली. दवाखान्यानं कळवलं, कोर्टानं तातडीचा आदेश काढला, बेलीफ, पोलीस आणि अँब्युलन्स दारात, आणि काही तासांच्या बाळाला परत दवाखान्यात नेलं. २०१४ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं सांगितलं की हे कुटुंबाच्या हक्काचं उल्लंघन होतं, कमी कठोर काही करता येईल का याचा विचारच झाला नाही. इंग्लंडमध्ये १९९६ ला आठ महिन्यांची गरोदर, बीपी धोकादायक वाढलेलं, आणि बाई म्हणते मला वेल्समध्ये एका गोठ्यात बाळंत व्हायचंय, दवाखाना नको. तिला मानसिक आरोग्याचा कायदा लावून डांबलं आणि मनाविरुद्ध सिझर केलं. १९९८ मध्ये अपील कोर्टानं ते बेकायदा ठरवलं. तिचा निर्णय मला चुकीचाच वाटतो, भयंकर वाटतो. पण शुद्धीवर असलेल्या बाईचं पोट तिच्या इच्छेविरुद्ध फाडायचा अधिकार एकदा सरकारला दिला की तो फक्त गोठ्यात बाळंत होणारीवरच वापरला जाईल असं समजायचं कारण काय?

परदेशातली उदाहरणं लांबची वाटत असतील तर १८९७ चं पुणं आठवा. प्लेग खरा होता, माणसं खरोखर मरत होती, रोगी शोधून वेगळे करणं वैद्यकीयदृष्ट्या चूकही नव्हतं. पण रँडच्या प्लेग कमिटीचे सोल्जर घरात घुसले, माजघरापर्यंत गेले, बायकांना रस्त्यावर आणून तपासलं, सामान जाळलं. लोकांनी काय केलं? रोगी लपवले, मयतं लपवली. ज्यांना वाचवायचं होतं तेच डोळ्याआड गेले. जूनमध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या हे इतिहासात राहिलं, पण त्याआधी किती घरांनी माळ्यावर तापानं फणफणलेलं माणूस लपवलं याची नोंद कुठे आहे? घरी झालेल्या बाळंतपणावर सरसकट पोलीस केस लावायची मागणी करणाऱ्यांनी हा विचार करावा. रक्त थांबत नाहीये आणि घरातला माणूस फोन हातात धरून विचार करतोय की १०८ ला लावला तर आपण आत जाऊ का, त्या विचारात जी पंधरा मिनिटं जातील तेवढ्यात बाई जाते.

आणि त्याच पुण्यात त्याच्या चौतीस वर्षं आधी दुसरा रस्ताही दाखवलेला आहे. ब्राह्मण विधवा गरोदर राहायच्या, बदनामीच्या भीतीनं पोर मारायच्या किंवा स्वतः मरायच्या. काशीबाई नावाच्या एका विधवेनं बाळ मारलं, तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कायद्याच्या नजरेत मुलाला न्याय मिळाला, पण पुढचं एक तरी मूल त्यानं वाचलं का? जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, इथे या, गुप्तपणे बाळंत व्हा, मूल न्यायचं तर न्या, ठेवायचं तर ठेवा. त्यांनी दत्तक घेतलेला यशवंत अशाच एका विधवेचा मुलगा. दीडशे वर्षांपूर्वीचं हे बालसंरक्षण मला आजच्या कितीतरी खात्यांपेक्षा शहाणं वाटतं, कारण त्यांनी आईला आरोपी न करता मूल वाचवलं.

शिक्षा करायच्या नादात मूलच भरडलं जातं याचं ताजं उदाहरण परत केरळातलंच. कोझिकोडच्या एका जोडप्यानं २०२५ मध्ये तक्रार केली की घरी जन्म झाला म्हणून बाळाचा जन्मदाखला मिळत नाही. आईबापांवर रागवा हवं तर, पण दाखला बाळाचा आहे ना? १९६९ च्या कायद्यात घरी झालेल्या जन्माची नोंदही घरच्या कर्त्या माणसानं करायची अशी सोय पहिल्यापासून आहे, आणि १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना तर शाळेपासून सगळीकडे तोच दाखला लागणार. नोंद खरी आहे का ते तपासा जरूर, मूल पळवून आणलं नाही ना, विकत घेतलं नाही ना, हे बघायलाच हवं. पण दाखला अडवून धरणं म्हणजे ज्याचं रक्षण करायचं म्हणता त्यालाच कागदावर नसलेलं करणं.

आता सगळ्यात अवघड मुद्दा. घरी बाळंतपणाला थोडीही मान्यता दिली तर लोक सर्रास तेच करतील, आणि आपल्याकडे नेदरलँडसारखी मिडवाइफची व्यवस्था नाही, मग? मुद्दा रास्त आहे. इंग्लंडमध्ये २०११ साली ६४ हजारांच्या आसपास कमी जोखमीच्या बाळंतपणांचा मोठा अभ्यास झाला. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायकांच्या बाळांना घरी काही वेगळा धोका दिसला नाही, पण पहिलटकरणींच्या बाबतीत हजारी गंभीर घटना दवाखान्यात ५.३ तर घरी ९.३ होत्या, आणि घरी सुरुवात केलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्क्यांना शेवटी दवाखान्यात हलवावं लागलं. तिथे शिकलेली मिडवाइफ, तिच्या बॅगेत औषधं, एका फोनवर अँब्युलन्स असताना हे. तेव्हा आपल्याकडे घरी बाळंतपणाची जाहिरात करणाऱ्यांच्या मी पूर्ण विरोधात आहे, यूट्यूबवर "नैसर्गिक प्रसूती" शिकवणाऱ्यांवर, त्याचे पैसे घेणाऱ्यांवर केस करा, मी पाठिंबा देईन. पण त्याच अभ्यासाचा दुसरा अर्थही बघा, त्या ४५ टक्के बायकांसाठी दवाखान्याचं दार उघडं होतं, कुणी विचारलं नाही की आधी का नाही आलात. झेकमध्ये याच्या उलट, घरी बाळंत व्हायला बंदी नव्हती पण मिडवाइफनं मदत करायला होती. म्हणजे बाई घरीच राहणार आणि जिला काहीतरी कळतं तीच तिथून निघून जाणार. २०१६ मध्ये युरोपच्या न्यायालयानं या धोरणाला उल्लंघन म्हटलं नाही, पण न्यायाधीशांतही १२ विरुद्ध ५ अशी फूट पडली, आणि मला त्या पाच जणांचं पटतं.

आपल्याला युरोपकडे बघायची गरजही नाही, गडचिरोली आहे. नव्वदच्या दशकात तिथल्या गावांत बहुतेक बाळंतपणं घरीच व्हायची, दवाखाना लांब, रस्ता नाही, पावसाळ्यात नदी आडवी. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं, बाळाचं वजन करायचं, ऊब द्यायची, श्वास घेत नसेल तर पिशवीनं हवा द्यायची, जंतुसंसर्ग ओळखायचा आणि इंजेक्शनसुद्धा द्यायचं. ३९ गावांत हे केलं, ४७ गावं तुलनेला. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू हजारी २५.५, शेजारच्या गावांत ५९.६. डिसेंबर १९९९ मध्ये हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. कुणालाही अटक झाली नाही, कुणाचं मूल उचललं नाही. ओळखीची बाई घरात आली, कारण तिला आत घेत होते. सासूही घेत होती.

तरीही कुणी दार उघडलंच नाही तर? बाळ दूध ओढत नाही, अंग गार पडलंय, आणि बाप म्हणतो देव बघेल, तर? तर मग हो, पोलीस, कोर्ट, सगळं, आणि लगेच, तासाभरात. यात मला काडीचीही शंका नाही. पण तिथेही आदेश उपचारांचा असावा, आई बाळासोबत जावी, आणि धोका टळला की दोघं घरी. आपल्याच बाल न्याय कायद्यात मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय म्हणून लिहिलाय. नॉर्वेत २०११ ला स्टॅव्हेंजरमधल्या बंगाली जोडप्याची दोन मुलं तिथल्या बालसंरक्षण खात्यानं उचलली तेव्हा आपण सगळे चवताळून उठलो होतो, हातानं भरवणं हा काय गुन्हा आहे का म्हणून. खात्याची कारणं तेवढीच नव्हती, पण आपला राग खोटाही नव्हता. तोच राग आपल्या गावातल्या गरीब, हट्टी, दवाखान्याला घाबरणाऱ्या आईसाठी का येत नाही?

गडचिरोलीचं ते काम २०११ पासून देशभर आशाताईंच्या हाती आलं. नियम असा की दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी बेचाळीस दिवसांत सहा भेटी द्यायच्या, आणि घरी जन्मलेल्या बाळाला सात. जास्तीची भेट पहिल्याच दिवसाची आहे. म्हणजे जे बाळ दवाखान्यात पोचलं नाही त्याच्याकडे लवकर आणि एकदा जास्त जायचं हे कुणीतरी आधीच नीट विचार करून लिहून ठेवलंय. योजना सुरू झाली तेव्हा या सगळ्या भेटींचे मिळून आशाताईला २५० रुपये ठरले होते.